कार्बन प्रत

ब्रागाच्या इस्पितळात, एकेचाळीसच्या हिवाळ्यात,
मी मिनिटाला साठ शब्द टंकायची.
मशीनचा 'स' अडकायचा,
नखानं उचलून पुन्हा मारावा लागायचा.

डॉक्टर वालादारेश खिडकीकडे तोंड करून सांगत,
मी त्यांच्या पाठीकडे बघत लिही.
प्रश्न त्यांचे, उत्तरं तिची,
कागदावर मात्र एकच आवाज उमटे.

तिचं नाव एउलालिया. डोंगरापल्याडची.
कुस्तोदियाबरोबर गावाची भट्टी चालवायची, एकोणीस वर्षं.
गाव त्यांना काही म्हणत नव्हतं असं नाही,
'भट्टीवाल्या' म्हणायचं.
रात्री दोनला उठून पीठ मळायचं, म्हणून एक खोली,
एक पलंग, एक घोंगडं.
थंडीत सगळं गावच तसं झोपायचं.
कुणाच्या कुशीत कोण, हे मांडून ठेवायला
कुणाकडे वही नव्हती.

मग नवा पाद्री आला. त्याच्याकडे वही होती.
जाळीआडून त्यानं विचारलं,
हात कुठे असतो? किती वेळ? झोपेत की जागेपणी?
एउलालिया म्हणाली (हे मी शब्दशः टंकलंय):
"त्यांनी विचारेपर्यंत मला ठाऊकच नव्हतं
की हाताला कुठेतरी असावं लागतं."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं.
त्यांनी चष्मा पुसला
आणि मऊ आवाजात एक शब्द उच्चारला.
मला लिहिता येईना,
तेव्हा एकेक अक्षर सुटं करून सांगितलं,
लहान मुलीला पाटीवर गिरवून द्यावं तसं.
त्यात दोन 'स' होते. दोन्ही अडकले.

नाव ठेवणं म्हणजे बारसं की बदनामी,
हे खुर्चीत कोण बसलंय त्यावर ठरतं.

तीन प्रती निघाल्या.
एक कपाटाला, एक बिशपच्या कचेरीला,
तिसरी पोलिसांना, फिकट निळी, जेमतेम वाचता येणारी.
भट्टी कुणी बंद केली नाही.
लोक फक्त पलीकडच्या गावाहून पाव आणू लागले,
दीड कोस, चिखलातून,
आणि वाटेत तो शब्द चुकीचा उच्चारत राहिले.

मी काय केलं?
शुद्धलेखन तपासलं.
त्या रात्री धाकट्या बहिणीशेजारी झोपताना
दोन्ही हात उशीखाली घातले.
चाळीस वर्षं ते तिथेच होते.
लग्न झालं तरी.

गेल्या मार्चात लिस्बनहून एक मुलगी आली, इओलांदा.
जॅकेटला बिल्ला, हातात तिसरी प्रत.
कुठल्या तळघरात सापडली कोण जाणे.
माझ्या स्वयंपाकघरात तिनं तो शब्द मोठ्यानं वाचला,
पेला उंचावून वाचावा तसा.
आता त्याला टाळ्या मिळतात म्हणे.
मिळोत. मी म्हातारी आहे, मूर्ख नाही.
त्याच शब्दासाठी कुणी दार लावून घेतलं होतं,
आज कुणी दार उघडतंय, तर उघडू दे.

पण मग तिनं पेन काढलं.
"म्हणजे त्या दोघी तशाच होत्या ना?"
ओठ किंचित उघडे, भुवया वर.
ही नजर मी पूर्वी पाहिली नव्हती,
तेव्हा ती पाठमोरी असायची.

मी म्हटलं, तिला थेट भट्टीवरून उचलून आणलं होतं.
केसांत पीठ होतं, कोपरापर्यंत पीठ.
सही करायला वाकली तेव्हा कागदावर सांडलं.
मी फुंकर मारून उडवलं,
कार्बनवर डाग नको म्हणून.

इओलांदा पेन धरून थांबली.
मग तिनं निळा कागद खिडकीशी नेला,
उजेडात तिरका धरला,
बराच वेळ.